चर्चची मासेमारी स्पर्धा आणि फिश फ्राय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत आता बरीच मराठी घरं आहेत. शेजारी किंवा ऑफिसमधलं कुणीतरी दरवर्षी वसंतात नाहीतर ऑक्टोबरात आमंत्रण देतं, "शनिवारी आमच्या चर्चची फिशिंग टूर्नामेंट आहे, दुपारी फिश फ्राय, सगळ्यांना घेऊन या." मग आम्हाला निरोप सुरू होतात. मी आमच्या चर्चमध्ये नावनोंदणीच्या टेबलावर बसते आणि दुपारी तळणाच्या रांगेत उभी असते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. पुन्हा पुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. नियम टेक्सासचे आहेत. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथले पाहा.

१. हा प्रकार नेमका असतो तरी काय?

सकाळी उजाडता उजाडता तलावाकाठी जमायचं, छोटीशी प्रार्थना, मग चार-पाच तास गळ टाकून बसायचं. कुणी बोटीतून, बहुतेक जण काठावरून. दुपारी मासे मोजायचे, बक्षिसं वाटायची आणि सगळ्यांनी मिळून तळलेला मासा खायचा, हाच फिश फ्राय. कोकणातल्या मंडळींना एका शब्दात सांगायचं तर सामुदायिक गरवणं.

मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत हजारो डॉलर लागलेले असतात. इथे बक्षीस म्हणजे टोपी, गळाच्या सामानाची पेटी, फार तर रॉड आणि रीळ. सर्वांत मोठा मासा, सर्वांत छोटा मासा, दहा वर्षांखालच्या मुलांचा पहिला मासा, सर्वांत कुरूप मासा असे गट असतात. कुरूप माशाच्या बक्षिसासाठी मोठी माणसंही हट्टाला पेटतात.

२. आम्ही ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल ना? धर्म बदला म्हणून कुणी मागे लागेल का?

चालेल, आणि मनापासून चालेल. सकाळच्या प्रार्थनेत पेत्र आणि अंद्रिया या कोळी भावांची गोष्ट हमखास येते. येशूचे पहिले शिष्य जाळी टाकणारेच होते. पाच-दहा मिनिटांचा कार्यक्रम असतो. तेवढा वेळ शांत उभं राहिलं की झालं. डोळे मिटलेच पाहिजेत, आमेन म्हटलंच पाहिजे असं काही नाही.

कुणीतरी रविवारच्या उपासनेला या म्हणेल, एखादं पत्रकही हातात देईल. त्यांच्या दृष्टीने ते आग्रहाचं आमंत्रण असतं. "थँक यू, आज फक्त मासे" म्हटलं तर कुणाला राग येत नाही. माझं माहेर नगरकडचं, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, त्यामुळे हा प्रश्न विचारताना लोक माझ्याशी जरा चाचरतात. चाचरू नका. विचारलेलं बरं असतं.

३. लेंटमधला शुक्रवारचा फिश फ्राय तो हाच का?

नाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत, मासा चालतो. म्हणून त्या दिवसांत कॅथलिक पॅरिशमध्ये शुक्रवारी संध्याकाळी फिश फ्राय असतो. बऱ्याच ठिकाणी तो नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेची मंडळी चालवतात, ताटाला पैसे असतात आणि त्यातून निधी जमतो. वसईच्या वाचकांना हे नवीन नाही. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट चर्चमधला स्पर्धेचा फिश फ्राय बहुधा शनिवारी असतो आणि जेवण फुकट असतं. फुकट का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. आयुष्यात कधी गळ धरलेला नाही. सामान विकत घ्यावं लागेल का?

मुळीच नाही. चर्चमध्ये सामानाचा ढीग असतो आणि काठावर बसणाऱ्या आजोबांना शिकवायला फार आवडतं. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी साधी बांबूची काठी घ्यायला सांगते. रीळ नाही, गुंता नाही. काठीच्या टोकाला दोरा, दोऱ्याला तरंगतं बुच, खाली छोटा गळ.

आमिष म्हणजे गांडूळ, कोंबडीचं काळीज किंवा हॉट डॉगचे तुकडे. यातलं काहीच हातात धरवत नसेल तर घरून घट्ट मळलेली कणीक आणा. नदीकाठी वाढलेल्यांना कणकेच्या गोळीवर लागलेले मासे आठवत असतील. इथेही कॅटफिश आणि कार्प तिला येतात. गोळी हरभऱ्याएवढी करा आणि गळाचं टोक किंचित बाहेर राहू द्या. कणीक सैल असेल तर पाण्यात पडताच विरघळते.

५. लायसन्स लागतं का? व्हिसावर आहोत, आम्हाला मिळेल का?

सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतं. मुलांना लागत नाही. व्हिसाचा संबंध नाही. अर्ज करण्याआधी सलग सहा महिन्यांहून जास्त टेक्सासमध्ये राहिला असाल तर तुम्ही रहिवासी धरले जाता, नोकरीच्या एच-वन व्हिसावर असलात तरी. रहिवाशांना गोड्या पाण्याचं वार्षिक पॅकेज ३० डॉलरला आणि एका दिवसाचं लायसन्स ११ डॉलरला मिळत आलं आहे. वॉलमार्टमध्ये, आमिषाच्या दुकानात किंवा टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर काढता येतं. नेहमीचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही ते जुलैत काढलेलं असलं तरीही. उन्हाळ्याच्या शेवटी एका दिवसाचंच काढलेलं परवडतं.

दोन अपवाद लक्षात ठेवा. जूनचा पहिला शनिवार हा राज्यभर फ्री फिशिंग डे, त्या दिवशी कुणालाच लायसन्स लागत नाही. आणि स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकला तर वर्षभर लागत नाही, फक्त पार्कचं प्रवेश शुल्क भरायचं. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबांसाठी रे रॉबर्ट्स तलावावरचं स्टेट पार्क सोयीचं पडतं ते म्हणूनच. मात्र तिथेच कुणाच्या बोटीत बसून तलावात गेलात की लायसन्स हवं. इथे लोक हमखास चुकतात.

६. आई-बाबा भारतातून आलेत, सहा महिने राहणार आहेत. त्यांना गळ टाकू द्याल का?

जरूर आणा. या दिवशी सर्वांत जास्त रमतात ते आजी-आजोबा. लायसन्सच्या हिशेबात ते बाहेरचे धरले जातात आणि बाहेरच्यांचं एका दिवसाचं लायसन्स १६ डॉलरच्या आसपास असतं. काढायला जाताना पासपोर्ट जवळ ठेवा. स्टेट पार्कच्या काठावर बसणार असतील तर तेही नको (प्रश्न ५). वयाची सवलत मिळेल असं गृहीत धरू नका. ती १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांनाच आहे.

घडीच्या खुर्च्या आणि टोपी आणा. ज्यांना गळ धरायचा नाही त्यांना आम्ही मोजणीच्या टेबलावर बसवतो. मागे एका पाहुण्या आजोबांनी सकाळभर प्रत्येक माशाची लांबी वहीत अशी टिपली होती की शेवटी पास्टरनी ती वहीच मागून घेतली. वळणदार अक्षर, समासासकट रेघा आणि प्रत्येक नोंदीपुढे सही.

७. मासे कोणते लागतात? किती ठेवता येतात?

काठावरून सर्वांत आधी लागतो तो ब्लूगिल, हाताच्या पंज्याएवढा, चपटा. मुलांचा पहिला मासा बहुधा हाच. मग क्रॅपी, कॅटफिश आणि लार्जमाउथ बास.

राज्याचा सर्वसाधारण नियम असा: बास दिवसाला पाच आणि प्रत्येक किमान १४ इंच. क्रॅपी पंचवीस, किमान १० इंच. चॅनल आणि ब्लू कॅटफिश मिळून पंचवीस, त्यांतले वीस इंचांचे किंवा त्याहून मोठे दहाच. ब्लूगिलला बंधन नाही. पण तलावागणिक अपवाद आहेत. बाससाठी प्रसिद्ध असलेल्या लेक फोर्कमध्ये १६ ते २४ इंचांमधला बास सोडूनच द्यावा लागतो, आणि शहरातल्या छोट्या सामुदायिक तळ्यांत कॅटफिश पाचच आणि माणशी दोनच रॉड. सकाळी नोंदणीच्या टेबलावर त्या तलावाचा तक्ता लावलेला असतो. फोटो काढून ठेवा.

८. मोजणी कशी होते? बोटवाल्यांपुढे आम्ही काठावरचे काय जिंकणार?

वजनापेक्षा लांबी मोजणं आम्हाला बरं वाटतं, कारण मासा तिथल्या तिथे पाण्यात सोडता येतो. मोजपट्टीच्या फळीवर तोंड मिटलेला मासा आडवा ठेवायचा, शेपटीची टोकं जवळ आणायची, फोटो काढायचा. फोटोत त्या दिवसाचं टोकन दिसलं पाहिजे. टोकन नाही तर मासा धरत नाहीत, मग तो कितीही मोठा असो.

बोट आणि काठ यांचे गट वेगळे असावेत असं माझं ठाम मत आहे. ज्याच्याकडे तीस हजारांची बोट आणि मासे दाखवणारं यंत्र आहे त्याची बरोबरी बांबूची काठी घेतलेल्या सहा वर्षांच्या मुलीशी लावण्यात अर्थ नाही. गट एकच असेल तर आयोजकांना सांगून बघा. बहुतेक जण ऐकतात.

९. कुणी लबाडी केली तर? एवढ्याशा बक्षिसासाठी कोण बघणार?

बघतात. टेक्सासमध्ये मासेमारी स्पर्धेत फसवणूक करणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि बक्षीस दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, ठरतो. २०२२ मध्ये ओहायोत एरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत दोघांनी वॉलाय माशांच्या पोटात शिशाची वजनं भरली होती. आयोजकाने सगळ्यांसमोर मासे चिरले आणि शिसं बाहेर पडलं. दोघांना दहा दिवसांची कैद झाली. ती मोठ्या पैशांची स्पर्धा होती. चर्चच्या स्पर्धेत प्रश्न येतात ते अजाणतेपणाचे: वडिलांनी ओढलेला मासा मुलाच्या नावावर लावणं, किंवा आदल्या दिवशीचा मासा आणणं. मुलांच्या गटात नियम एवढाच की काठी मुलाच्या हातात हवी. मासा गळावरून मोठ्यांनी सोडवलेला चालतो.

१०. कॅटफिश हातात कसा धरायचा? आणि हा आपल्याकडचा बंदी असलेला मांगूरच ना?

आधी दुसरं. नाही. भारतात बंदी आहे ती आफ्रिकन मांगूरच्या पालनावर. इथला चॅनल कॅटफिश हा उत्तर अमेरिकेचाच मासा आहे, कुळ वेगळं. मिसिसिपी आणि अलाबामात त्याची मोठी तळी आहेत आणि तिथे तो दाण्यांवर वाढवतात. इथल्या कायद्याने याच कुळातल्या माशाला कॅटफिश म्हणून विकता येतं. व्हिएतनामहून येणारा बासा त्या नावाने विकता येत नाही.

आता धरणं. शिंगाळ्याचा काटा ज्यांना लागलाय त्यांना जास्त सांगायला नको. पाठीवरच्या परात एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन ताठ काटे असतात. मिशांनी काही होत नाही, लोक उगाच त्यांना भितात. पंजा पोटाखालून न्या आणि बाजूचे दोन्ही काटे अंगठा व पहिल्या बोटाच्या बेचक्यांमागे अडकतील असं घट्ट धरा. लहान कॅटफिश जास्त टोचतो, त्याचे काटे अधिक अणकुचीदार असतात. टोचलाच तर जखम साबणाने धुवा आणि सोसेल तितक्या गरम पाण्यात धरा. ठणका कमी होतो.

११. दुपारी तळतात ते आम्ही पकडलेलेच मासे का? ताटाचे पैसे किती?

थोडे तुमचे, बरेचसे विकतचे. दोनशे माणसांच्या जेवणाला पुरतील एवढे मासे सकाळच्या चार तासांत मिळण्याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही, म्हणून तळ्यात वाढवलेल्या कॅटफिशचे फिले आधीच आणून ठेवलेले असतात.

जेवण फुकट असण्याचं कारण कायद्याचं. हौशी लायसन्सवर पकडलेला मासा विकता येत नाही. ताटाला किंमत लावली आणि त्यात तुमचा बास असला तर ती विक्री ठरू शकते. म्हणून जेवण फुकट ठेवतात. दारात दानपेटी असते. टाका किंवा न टाका, कुणी बघत नाही. बक्षिसांची सोडत असली तर तिचंही तसंच: बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चर्च जुगाराच्या विरोधात असल्यामुळे पैसे घेऊन तिकिटं विकत नाहीत, नावाची चिठ्ठी फुकट टाकायची. बिअर नसते. गोड बर्फाळ चहा मात्र पिंपाने असतो.

१२. ते तळतात कसं? घरी केलं तर तसं होत नाही.

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. फिले बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्यांत कापतात आणि तासभर बटरमिल्कमध्ये ठेवतात. काही जण त्याऐवजी पिवळी मोहरी नुसती चोपडतात. तळल्यावर तिची चव कळत नाही, पण पीठ घट्ट धरून राहतं. वरून मक्याचं जाडसर पिवळं पीठ, मीठ, मिरपूड, लसणाची पूड आणि लाल तिखट. पीठ लावल्यावर पट्ट्या दहा मिनिटं जाळीवर तशाच ठेवायच्या. घाईत ही पायरी सुटते आणि मग पीठ तेलात उतरतं.

तेल शेंगदाण्याचं, १७५ ते १९० अंश सेल्सिअस. आमच्याकडे तळणाऱ्या काकांच्या खिशात थर्मामीटर असतो, तरी ते आधी पिठाचा एक थेंब सोडून बघतात. थेंब तळाशी जाऊन लगेच उसळला तर तेल तयार. एका वेळी थोडेच तुकडे सोडायचे, नाहीतर तेल थंड होतं आणि मासा तेल पितो. चार-पाच मिनिटांत तुकडे तरंगतात, बुडबुड्यांचा आवाज बारीक होतो, तेव्हा काढायचे. ते कागदी पिशव्यांवर पसरतात, झाकत मात्र नाहीत. झाकले की वाफेने मऊ पडतात.

घरी बिघडतं ते बहुधा तेल कमी तापल्यामुळे किंवा मक्याच्या बारीक पिठामुळे. मक्याचं जाड पीठ नसेल तर निम्मा रवा घाला. रवा लावून तळलेला सुरमईचा तुकडा ज्यांच्या हाताला माहीत आहे त्यांना हे दुसऱ्या खेपेला जमतंच. आमच्या चर्चमध्ये आता आलं, लसूण, हळद, तिखट लावलेली एक परात वेगळी असते आणि ती सर्वांत आधी संपते.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. जेवायला काय मिळेल?

आधी कळवा, कारण दिसायला शाकाहारी असलेल्या बऱ्याच गोष्टी तशा नसतात. फ्रेंच फ्राइज माशाच्याच तेलात तळतात. हश पपीज म्हणजे मक्याच्या पिठाची भजी, तीही त्याच तेलात, आणि तिच्यात अंडं असतं. पिंटो बीन्स आणि हिरव्या शेंगांत बेकन किंवा हॅमचं हाड टाकायची इथली रीत आहे. कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर, पण मेयोनेजमध्ये अंडं. जेलीत आणि मार्शमेलोत जिलेटिन. केळ्याच्या पुडिंगमध्ये बहुधा अंड्याचं कस्टर्ड.

बिनधोक काय, तर भाजलेली कणसं, कलिंगड, लोणच्याच्या काकड्या आणि चहा. तेवढ्यावर पोट भरत नाही. म्हणून मराठी आणि गुजराती कुटुंबं येणार असली की आम्ही एक कढई वेगळी मांडतो, नवं तेल, वेगळा झारा, वर चिठ्ठी. बटाट्याची भजी त्यातच होतात. वेगळ्या कढईची विनंती करायला संकोच करू नका. आदल्या आठवड्यात निरोप मिळाला तर ते अजिबात अवघड नसतं, त्या दिवशी सकाळी मात्र जमत नाही.

संकष्टी किंवा एकादशी आली असेल तर डबा आणा आणि आमच्याबरोबर बसा.

१४. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.

मग तळलेलं काहीच देऊ नका. तेल कुठलं आहे हे विचारून समजलं तरी पीठ आणि झारे एकमेकांत मिसळतात. घरचं जेवण आणा आणि एपिपेन (ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) गाडीत न ठेवता जवळ ठेवा. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत औषध खराब होतं.

१५. बायबलमध्ये खवले नसलेला मासा वर्ज्य आहे म्हणतात. मग चर्चमध्ये कॅटफिश कसा चालतो?

बरोबर वाचलंत. लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात पर आणि खवले दोन्ही असलेलेच जलचर खाण्याची आज्ञा आहे आणि कॅटफिशला खवले नाहीत. ज्यू लोक ती आजही पाळतात. बहुतेक ख्रिस्ती मात्र मार्कच्या सातव्या आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला आकाशातून उतरणाऱ्या चादरीत सर्व प्रकारचे प्राणी दिसतात आणि जे देवाने शुद्ध केलं त्याला अशुद्ध म्हणू नकोस असं त्याला सांगितलं जातं. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी लेवीयचा नियम धरतात, त्यामुळे त्यांच्या घरी तुम्हाला कॅटफिश दिसणार नाही.

१६. मासा पकडून परत सोडायचा, मग त्या जिवाला त्रास कशाला?

हा प्रश्न मी गंभीरपणे घेते. सोडलेला मासा जगतो की नाही हे बरंचसं आपल्या हातात असतं. पाणी गरम असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो आणि मासा दमून मरतो, म्हणूनच या स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नयेत. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, दोरा कापा. गोल वाकलेला सर्कल हुक वापरला तर तो बहुधा ओठाच्या कडेला लागतो. आणि खायचाच असेल तर लगेच मारा, बर्फात घाला, बादलीत तडफडत ठेवू नका. एवढं करूनही ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी नुसतं जेवायला यावं.

१७. मुलांना घेऊन येतोय. सुरक्षेचं काय?

छोट्या चालत्या बोटीत तेरा वर्षांखालच्या मुलांनी लाइफ जॅकेट घालणं टेक्सासच्या कायद्याने बंधनकारक आहे. काठावरही लहानांना घाला असं मी म्हणेन. गवतात बसण्याआधी खाली बघा: मातीचे भुसभुशीत ढिगारे म्हणजे फायर अँट्स या चावऱ्या मुंग्यांची वारुळं. ओलसर झुडपांत कॉटनमाउथ हा विषारी साप असतो, मुलांना तिकडे एकटं सोडू नका. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आयोजक स्पर्धा थांबवतात तेव्हा वाद घालू नका.

१८. मासा घरी न्यायचा आहे. तिथेच साफ करू का?

काठावर परतल्यावर करा. बोटीत असताना, ज्या माशांना संख्येचं किंवा लांबीचं बंधन आहे त्यांचं डोकं आणि शेपूट काढता येत नाही. नियम तपासणाऱ्या वॉर्डनला मासा मोजता आला पाहिजे. पार्कमध्ये साफ करण्याचा ओटा असेल तर तोच वापरा आणि आतडी पाण्यात टाकू नका. कॅटफिशची कातडी पकडीने सोलावी लागते, जमत नसेल तर तळणाच्या रांगेत विचारा. कुणीतरी करून देतंच.

१९. मुलीला ब्लूगिल जिवंत हवाय, घरच्या टाकीसाठी. नेला तर चालेल?

नको. बोटीतून बाहेर येताना तलावाचं पाणी बादलीत किंवा टाकीत ठेवणं २०१४ पासून राज्यभर बेकायदा आहे, सगळं पाणी तिथेच ओतावं लागतं. कारण झेब्रा मसल नावाचे शिंपले. ते टेक्सासमध्ये पहिल्यांदा २००९ मध्ये टेक्सोमा तलावात सापडले आणि पुढे रे रॉबर्ट्समध्ये पोहोचले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि बादलीभर पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात, मग पाणीपुरवठ्याच्या नळांत दाटीने वाढतात. काठावरून पकडलेल्या माशालाही आम्ही हाच नियम लावतो. मुलीला सांगा, मोजपट्टीवर ठेवून फोटो काढू, टोकन दिसेल असा, आणि मग तिनेच तो पाण्यात सोडायचा. दहा वर्षांखाली असेल तर त्या फोटोवर तिला पहिल्या माशाचं बक्षीसही मिळतं. नाव नोंदवायला विसरू नका.